पहिला वस्तरा : घरी दाढी शिकणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

वस्तरा आमच्याकडून घेतलात, मनापासून आभार. घरी पोहोचल्यावर आजच अख्खी दाढी करून बघावी असे वाटेल. तेवढे करू नका. पहिला आठवडाभर वस्तरा फक्त उजव्या गालावर चालवा, कानाच्या पाळीपासून जबड्याच्या हाडापर्यंत. डावखुरे असाल तर डाव्या गालावर. बाकीची दाढी नेहमीच्या रेझरने उरकून कामाला जा. गाल सपाट असतो, तिथली कातडी ताणायला सोपी असते आणि हाताला वजन, कोन, दाब यांची ओळख तिथेच होते. हनुवटी, वरचा ओठ आणि गळ्याची घाटी ही सगळ्यांत शेवटची जागा. सांगलीच्या गणपती पेठेतल्या आमच्या दुकानात जे ग्राहक ‘जमत नाही’ म्हणून वस्तरा परत घेऊन येतात, त्यांतले बहुतेक जण पहिल्याच सकाळी हनुवटीवर गेलेले असतात.

सलूनमधला आणि हा

सलूनमध्ये हल्ली जो वस्तरा दिसतो त्यात अर्धे ब्लेड बसवतात आणि गिऱ्हाईक उठले की ते टाकून देतात. ते योग्यच आहे. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे रक्तातून पसरणारे आजार आहेत. तुमच्या हातातला वस्तरा जुन्या घडणीचा आहे. त्याचे पाते अखंड असते, बदलायचे नसते, त्यालाच पुन्हा पुन्हा धार लावायची असते. म्हणून एक वस्तरा एकाच माणसाचा. बाप-लेकांत, भावाभावांतसुद्धा तो वाटून वापरू नका. ‘उकळून घेतो की’ असे काही जण म्हणतात. घरी उकळून तो खात्रीने निर्जंतुक होत नाही, वर मूठ मात्र खराब होते.

शिकणाऱ्याला आम्ही एक इंचाच्या आठ भागांपैकी पाच भाग रुंदीचे, गोल टोकाचे पाते देतो. यापेक्षा रुंद पाते दिसायला देखणे असते, पण नाकाखाली अडचणीचे. चौकोनी टोकाचे पाते कानाशी आणि ओठाच्या कोपऱ्यात अचानक टोचते. सहा महिन्यांनी हौस राहिली तर जरूर घ्या. पात्याच्या दोन्ही बाजू आतून पोकळ घासलेल्या आहेत, त्यामुळे ते धारेकडे फार पातळ होत जाते. खुंट कापताना त्यातून बारीक किणकिण ऐकू येते. सवय झाली की आवाजावरून कोन बरोबर आहे का ते कळू लागते.

आजोबांच्या पेटीतला वस्तरा

जत, तासगाव, विट्याकडचे बरेच लोक घरातला जुना वस्तरा घेऊन येतात. पाते नीट पुसून पाहिले तर मुठीजवळच्या लोखंडावर बहुधा शेफील्ड किंवा सोलिंगेन असे गाव कोरलेले सापडते. शेफील्ड इंग्लंडातले, सोलिंगेन जर्मनीतले. दोन्ही पोलादी पात्यांची नामांकित गावे. सोलिंगेनच्या नावाचा गैरवापर होऊ नये म्हणून जर्मनीत १९३८ मध्ये खास कायदा झाला. असा वस्तरा टाकून देऊ नका. पात्याच्या अंगावर डाग असले तरी बिघडत नाही. धारेच्या रेषेत गंजाचे खड्डे असतील किंवा नखाएवढीही चीर असेल, तर मात्र त्याने दाढी करायची नाही आणि आम्हीही त्याला धार लावून देणार नाही. मूठ जुन्या सेल्युलॉइडची असेल तर ती जीर्ण होताना आम्लधर्मी वाफ सोडते आणि मिटलेल्या पात्याला आतून गंजवते. त्या मुठी आम्ही बदलून देतो. हस्तिदंती मुठीच्या वस्तऱ्याची खरेदी-विक्री आम्ही करत नाही, कायद्याने हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे.

कळकळीने सांगतो, दारावर सायकलचे चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे वस्तरा देऊ नका. विळी, कात्री, सुरीसाठी त्यांचे काम चोख असते. पण फिरत्या चाकावर घर्षणाने उष्णता होते आणि वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते की ती क्षणात तापून निळी पडते. निळी पडली की पोलादाचे पाणी उतरले. मग ती धार टिकत नाही. वस्तऱ्याला ओल्या दगडावर, हातानेच धार लावावी लागते. पाठ, म्हणजे पात्याची जाड कड, आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली ठेवली की कोन आपोआप राखला जातो, पाठीची जाडी त्याच हिशेबाने ठेवलेली असते. आपल्या भागाला हे हातकाम नवे नाही. मिरजेत शस्त्रांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे घडवू लागले आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

पट्टा : निम्मी विद्या इथेच

वस्तरा आम्ही दगडावर धार लावून, दाढीला तयार करूनच देतो. दुसऱ्या दिवसापासून ती धार राखणे तुमच्याकडे. दाढी करताना धारेची अगदी टोकाची कड किंचित वाकते आणि ओलाव्याने तिच्यावर न दिसणारा गंजही चढतो. चामड्याच्या पट्ट्यावर ओढल्याने ती कड सरळ होते आणि स्वच्छ होते. म्हणून प्रत्येक दाढीआधी पट्टा, एकदाही न चुकता.

पट्ट्याचे एक टोक खिडकीच्या गजाला किंवा भिंतीतल्या भक्कम हुकाला अडकवा, दुसरे हाताने ताठ ओढा. पट्टा लोंबला तर धार गोल होते, हे लक्षात ठेवा. पाते पूर्ण सपाट ठेवा, पाठ आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेल्या. आता पाठ पुढे आणि धार मागे, असे स्वतःपासून दूर न्या. टोकाला पोहोचल्यावर वस्तरा पाठीवर उलटवा, धारेवर कधीच नाही, आणि तसाच परत आणा. हे जाणे-येणे मिळून एक फेरी. आधी जाड सुती पट्ट्यावर वीसेक, मग चामड्यावर चाळीस ते पन्नास. दाब नको, वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरते. वेगाने धार सुधारत नाही. घाईत मनगट वळते आणि पट्ट्याला काप जातो. नव्या माणसाने पहिले काही दिवस अगदी संथ ओढावे. अर्ध्यातच पाते उलटले तर पट्टा आणि धार दोन्ही जातात, म्हणून सुरुवातीला आम्ही मुद्दाम स्वस्तातला पट्टा घ्यायला सांगतो. चांगला नंतर घ्या.

धार आहे का ते अंगठा फिरवून पाहू नका. हाताच्या पाठीवरचा केस कातडीपासून थोडा वर धरून बघा. पाते नुसते टेकवल्यावर केस तुटला तर धार आहे.

पाणी आणि फेस

राठ दाढीवर कोरडा वस्तरा चालवण्याइतके वाईट दुसरे काही नाही. केस पाणी शोषतो तसा मऊ होतो आणि त्याला दोन-तीन मिनिटे तरी लागतात. आंघोळीनंतर दाढी करणे सगळ्यांत उत्तम. नाहीतर कोमट पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल गालावर धरा.

फेस होत नाही अशी तक्रार जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून फार येते. दोष साबणाचा नसतो. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून त्याची साय करतात, फेस कमी होतो. ब्रश आणि वाटी यांच्यापुरते फिल्टरचे किंवा पावसाचे साठवलेले पाणी वापरा, फरक पहिल्याच दिवशी दिसेल. फेस दह्यासारखा घट्ट आणि ओला हवा. हवेशीर, कोरडा फुगलेला फेस वस्तऱ्याला उपयोगाचा नाही. डब्यातून फवारा मारून निघणाऱ्या फोमपेक्षा ब्रश आणि साबण घ्या, असे आमचे ठाम मत आहे.

हात

आधी कोरड्या दाढीवर बोटे फिरवून केसांची दिशा ओळखा. गालावर ते बहुधा खाली वाढतात, गळ्यावर मात्र कुणाचे आडवे, कुणाचे वर, कुणाचे भोवऱ्यासारखे. पहिला महिना सुलटाच हात मारायचा, म्हणजे केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने. उलटा हात त्यानंतर.

मूठ मागे पूर्ण उघडून वर करा. पात्याच्या मागच्या लोखंडाखाली अंगठा, वर तीन बोटे आणि शेपटीवर, म्हणजे त्या लोखंडाच्या मागे वळलेल्या टोकावर, करंगळी. दुसऱ्या हाताने कानाजवळची कातडी वर ताणा. ताणलेल्या कातडीवर वस्तरा घसरत जातो, सैल कातडीवर तो अडतो आणि कापतो. पाते आधी गालाला सपाट टेकवा, मग पाठ तिच्या स्वतःच्या जाडीच्या साधारण दुप्पट उंच उचला. हाच सुमारे तीस अंशांचा कोन. त्याहून सपाट ठेवल्यास केस ओढले जातात, उभे केल्यास कातडी खरवडली जाते.

आता दाब. ऊसतोडीत कोयत्याला जोर लागतो, वस्तऱ्याला जोर मुळीच लागत नाही. केस कापले जात नसतील तर थांबा आणि कारण शोधा. पट्टा नीट झाला होता का, फेस वाळला का, कोन बरोबर आहे का? जोर वाढवणे हे उत्तर कधीच नसते. हात छोटे मारा, इंच-दीड इंचाचे. पाते धारेच्या रेषेत आडवे सरकू देऊ नका. सरळ खाली जाणारा वस्तरा चुकला तरी थोडे ओरखडतो, आडवा सरकलेला खोल चिरतो.

गाल सहज जमू लागला की दुसरा गाल घ्या. तो डाव्या हाताने करायचा की उजवा हात आडवा नेऊन, यावर जाणकारांतही मतभेद आहेत. आम्ही दोन्ही हात तयार करायला सांगतो, उशीर लागला तरी चालेल. मग गळा, मान वर करून. हनुवटी आणि वरचा ओठ दुसऱ्या महिन्यात.

वस्तरा हातून निसटला तर पकडू नका, पाय मागे घ्या आणि पडू द्या. मोडलेला वस्तरा नवा घेता येतो. घरात लहान मुले असतील तर दाढी करताना मोरीचे दार आतून लावून घ्या.

कापलेच तर

बारीक टिपका असेल तर तुरटीचा खडा ओला करून तिथे हलका धरा, रक्त थांबते. तुरटी गिळगिळीत होईपर्यंत चोळू नका. वाहते रक्त असेल तर स्वच्छ कापड दहा मिनिटे, मध्ये उघडून न पाहता, दाबून धरा. तरीही थांबले नाही तर डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते तेही आठवून सांगा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण डब्यातली हळद ताज्या जखमेत चेपू नका, ती निर्जंतुक नसते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हात थरथरत असेल, चेहऱ्यावर पिकलेल्या पुटकुळ्या असतील किंवा जखमेचे व्रण जाड होऊन वाढत असतील, तर वस्तरा सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. वस्तरा परत करायचा असेल तर आम्ही पैसे परत देतो.

पुसणे आणि ठेवणे

हे कार्बनयुक्त पोलाद आहे, स्टेनलेस नाही. पावसाळ्यात सांगलीची हवा इतकी दमट असते की ओला ठेवलेला वस्तरा रात्रीतून लाल होतो. दाढीनंतर धुवा, मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा, मग कोरड्या पट्ट्यावर दहाएक फेऱ्या द्या. मोरीत ठेवू नका. चार-आठ दिवस वापरणार नसाल तर पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. खोबरेल किंवा गोडे तेल काही दिवसांनी चिकट होते.

रोज दाढी करणाऱ्याला साधारण दोन-तीन महिन्यांनी धार पुन्हा दगडावर न्यावी लागते. पट्टा नीट केल्यावरही केस ओढल्यासारखे वाटू लागले, की वेळ झाली. आमच्याकडून घेतलेल्या वस्तऱ्याची पहिली धार विनामूल्य आहे. आणताना पाते पुसून, तेल लावून, मिटवून जुन्या सुती कापडात गुंडाळा आणि वर रबर लावा. एसटीने येणार असाल तर पिशवीत तळाशी ठेवा. विमानाने प्रवास करताना तो हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इन करायच्या बॅगेत ठेवावा लागतो. पट्टाही सोबत आणा. तो पाहिल्याशिवाय धार का गेली हे आम्हाला सांगता येत नाही.