मुळांवरच्या गाठी आणि मातीतली बुरशी

भात कापून झालं की कोकणात त्याच कुणग्यात मिरची, वांगी, भेंडी, चवळी उभी राहते. पाणी वेळेवर देऊनही त्यातली काही रोपं दुपारी माना टाकतात, पिवळी पडतात, आणि आपण पानांवर फवारत बसतो. असं एखादं रोप ओढून न काढता मातीसकट खणून घ्यावं आणि मुळं बादलीत धुवून बघावीत. मुळं जागोजागी सुजून गाठाळलेली दिसली, तर दुखणं पानांचं नाही, सूत्रकृमीचं, म्हणजे मातीतल्या दोऱ्यासारख्या बारीक जंतांचं आहे.

चवळी-वालाच्या बाबतीत फसगत होते, कारण त्यांच्या मुळांवर नत्र देणाऱ्या चांगल्या गाठीही असतात. त्या मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात, नखाने सुटतात आणि फोडल्या तर आतून गुलाबी निघतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं. ती सुटत नाही.

मुळात शिरणारं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं. आत एका जागी बसून ते झाडाचा रस ओढतं. मादी फुगून गोल होते आणि चिकट पिशवीत काहीशे अंडी घालते. उबदार जमिनीत महिनाभरात नवी पिढी तयार. भाताच्या साचलेल्या पाण्यात भाजीपाल्यावरच्या या कृमी घटतात. पण परसातल्या वाफ्यांत, वरकस जमिनीत आणि किनाऱ्यालगतच्या रेताड मातीत त्यांना मोकळं रान मिळतं.

पूर्वी यावर फोरेटचे दाणे टाकत. अत्यंत जहाल असलेल्या या औषधावर देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. आपला जांभा सच्छिद्र. वर मातीत टाकलेलं विष खाली विहिरीत उतरायला वेळ लागत नाही, आणि तेच पाणी आपण पितो.

मातीत या कृमींचे जुने वैरी आहेत, ते म्हणजे बुरश्या. आर्थ्रोबॉट्रिस ओलिगोस्पोरा ही बुरशी एरवी कुजका पालापाचोळा खाते. पण उपासमार झाली आणि जवळून कृमीचा वास आला, की ती आपल्या तंतूंची चिकट जाळी विणते. कृमी स्वतः जी रसायनं सोडून एकमेकींना खुणावतात, तीच या बुरशीला ओळखता येतात! तिच्या काही नातलग बुरश्या तीन पेशींची कडी करतात. कृमी त्यात शिरली की पेशी सेकंदाच्या दहाव्या भागात फुगतात आणि फास आवळला जातो. मग तंतू तिच्या अंगात घुसून तिला आतून पचवतात.

शेतात मात्र या शिकारणींचा भरवसा धरता येत नाही, कारण दुसरं खाणं मिळालं की त्या जाळी विणतीलच असं नाही. म्हणून बाजारात मिळणाऱ्या बुरशीच्या पाकिटांत बहुधा अंडी खाणाऱ्या बुरश्या असतात: पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम (जुनं नाव पॅसिलोमायसिस) आणि पोकोनिया क्लॅमिडोस्पोरिया. पहिलीचा हा गुण 1979 मध्ये पेरू देशात नोंदला गेला. तिचे तंतू अंड्याला बिलगतात, त्यांतून झिरपणारी विकरं (एन्झाइम) कवच विरघळवतात आणि पिल्लू जन्मण्याआधीच संपतं. मुळाच्या आत बसलेल्या कृमीपर्यंत तिचा हात सहजी पोचत नाही. त्यामुळे या पिकाला लागलेलं दुखणं ती बरं करणार नाही; पुढची पिढी कमी करेल.

माझ्या मते आपल्याकडे हे उपाय फसतात ते पाकिटाला औषध समजल्यामुळे. आत जीव आहे. उन्हात तापलेल्या पत्र्याखाली ठेवलेलं किंवा मुदत टळलेलं पाकीट म्हणजे नुसती भुकटी. धुपलेल्या, आम्ल, सेंद्रिय अंश नसलेल्या मातीत ती तशीच फेकली तर बुरशी तग धरत नाही. चांगल्या कुजलेल्या शेणखतात आणि निंबोळी पेंडीत मिसळून, सावलीत ओलसर झाकून पंधरवडाभर मुरवावी, मधे एकदा वरखाली करावी. पाऊस सरल्यावर, रोपं तरव्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, असतानाच ती मातीत घालावी. गाठाळलेल्या मुळाचं रोप मुळी लावूच नये. त्याच सुमारास वाफ्यात बुरशीनाशकाची आळवणी करू नये, ती आपल्या बुरशीलाही मारते. भुकटी हाताळताना नाकातोंडावर फडकं बांधावं आणि डोळे जपावेत; लिलॅसिनममुळे क्वचित डोळ्यांना संसर्ग होतो.

आणि पीक निघाल्यावर गाठाळलेली मुळं कुणग्यात कुजायला सोडू नयेत. ती वेचून, वाळवून जाळावीत, नाहीतर त्यांतली अंडी पुढच्या लागवडीला हजर असतात.