ब्रेक दाबला की इंडिकेटर का मिणमिणतो?

आमच्याकडे सेकंडहँड गाडी आली तेव्हा तिच्यासोबत एक कोडंही आलं. रात्री भावाने आत बसून ब्रेक दाबला आणि मी मागे उभा राहिलो. उजवा ब्रेकलाइट लख्ख लागला. डावा मात्र विझत आलेल्या निखाऱ्यासारखा दिसत होता, आणि त्याच्या शेजारचा इंडिकेटर, ज्याच्या बटणाला कुणी हातही लावला नव्हता, तोही पिवळट मिणमिणत होता. पुढे जाऊन पाहिलं तर पुढचा डावा इंडिकेटरही तसाच. आधीच्या मालकाने डाव्या ब्रेकलाइटचा बल्ब दोनदा बदलला होता. बल्ब दोन्ही वेळा चांगलाच होता.

गाडीत बॅटरीपासून बल्बपर्यंत वायर जाते, पण बल्बपासून बॅटरीपर्यंत सहसा स्वतंत्र वायर येत नाही. परतीचं काम गाडीचा पत्रा करतो. बॅटरीचं ऋण टोक जाड केबलने बॉडीला जोडलेलं असतं, आणि जागोजागच्या दिव्यांच्या काळ्या किंवा तपकिरी वायरी जवळच्या एखाद्या बोल्टखाली आवळलेल्या असतात. हेच गाडीचं अर्थिंग. मागच्या दिव्याच्या डबीत ब्रेक, इंडिकेटर आणि साइड लाइट या तिघांना मिळून परतीची एकच वायर असते. तो बोल्ट गंजला की ब्रेकच्या बल्बमधून आलेला प्रवाह डबीपर्यंत येतो आणि तिथे अडतो. मग तो मिळेल ती वाट धरतो: शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, इंडिकेटरच्या वायरने गाडीच्या पुढच्या टोकापर्यंत जातो आणि पुढच्या इंडिकेटरच्या बल्बमधून तिथल्या चांगल्या अर्थिंगला भेटतो. १२ व्होल्ट आता तीन फिलामेंट वाटून घेतात. एकाच्याही वाट्याला निम्मे व्होल्ट येत नाहीत, म्हणून तिघंही मिणमिणतात. ज्याचा ज्याच्याशी संबंध नाही ते दोन दिवे एकमेकांच्या तालावर नाचायला लागले, तर बल्बकडे बघूच नका, थेट अर्थिंगकडे जा.

मग आधीच्या मालकाला हे का सापडलं नाही? कारण त्याच्याकडे व्होल्ट, अँपिअर, ओहम मोजणारा मल्टिमीटर होता. हे विनोदाने म्हणत नाही. बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर लावला की तो १२.६ व्होल्ट दाखवतो आणि आपण ‘सप्लाय तर येतोय’ म्हणून मोकळे होतो. पण साध्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध सुमारे १ कोटी ओहम असतो. त्याला वाचनापुरता लागणारा प्रवाह एका अँपिअरच्या दशलक्षाव्या भागाच्या आसपास. एवढा प्रवाह गंजलेल्या बोल्टमधूनही येतो, आणि वीस तारांपैकी एकच शाबूत उरलेल्या वायरमधूनही. ब्रेकच्या २१ वॅटच्या बल्बला मात्र पावणेदोन अँपिअर हवे असतात. चिंचोळ्या बोळातून एक माणूस आरामात जातो, वरात अडकते. म्हणून तपासणी वरात चालू असतानाच करायची, म्हणजे बल्ब जागेवर, ब्रेक दाबलेला आणि प्रवाह वाहता. मीटरचं एक टोक थेट बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरं बल्बच्या अर्थिंगच्या पिनवर. या दोन जागा धातूनेच जोडलेल्या आहेत, तेव्हा त्यांच्यात फरक जवळजवळ शून्य हवा. ०.१ व्होल्टपर्यंत चालतो. माझ्या मीटरने सातच्या आसपास आकडा दाखवला. डिकीतला गालिचा उचलला, बोल्ट सोडवला, थिंबलखालचा (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीखालचा) पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, पुन्हा आवळला आणि वरून ग्रीस लावलं. आधी ग्रीस आणि मग बोल्ट असा क्रम कशाला, धातूला धातू भिडू दे की आधी.

हीच गोष्ट सेल्फच्या, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरच्या, बाबतीत शंभरपट मोठी होते, कारण सेल्फ मारताना १५० अँपिअर सहज लागतात. ओहमच्या नियमाने हिशोब करा. जोडात ०.०२ ओहम एवढा किरकोळ रोध वाढला तरी १५० ने गुणल्यावर ३ व्होल्ट वाटेतच गळाले. मीटरच्या ओहमच्या खुंटीवर हा रोध दिसणारही नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्याच्या कित्येक पट असतो. शिवाय इथे एक गंमत आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यात विणलेल्या तांब्याची एक लवचीक पट्टी असते. ती तुटली किंवा सडली की सेल्फचा प्रवाह परत जायला दुसरं काही धुंडाळतो, आणि जुन्या गाड्यांत त्याला क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल सापडते. ती बिचारी बारीक, तापून धूर सोडते. क्लच केबल जळाली म्हणून नवी टाकली आणि तीही जळाली, असं कुणी सांगितलं तर ही पट्टी बघा. तपासणी तीच: एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. पाव व्होल्टच्या आत असेल तर ठीक. एक व्होल्ट दिसला तर वाट खराब आहे.

अर्थात त्याआधी बॅटरीच मेलेली नाही ना, हे पाहायला हवं. सहा घरं, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्ट. काही तास विसावलेली भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. १२.२ म्हणजे अर्धीच भरलेली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत, नाहीतर इंजिनच्या जोरावर बॅटरी भरणारा अल्टरनेटर, ज्याला अजूनही बरेच जण डायनॅमो म्हणतात, तो भरत नाहीये.

बॅटरी रात्रीतून उतरते, ही जुन्या गाड्यांची दुसरी आवडती तक्रार. घड्याळ, अलार्म आणि कंट्रोल युनिटच्या आठवणीसाठी बंद गाडीही थोडी वीज पितेच. साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असली तर ४५ अँपिअर-तासांची बॅटरी महिनाभर पुरते. आता डिकीतला ५ वॅटचा दिवा झाकण लावल्यावरही चालू राहिला असं समजा. तो ०.४ अँपिअर खातो आणि दोन-सव्वादोन दिवसांत बॅटरी अर्धी करतो. (खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे फोनवर व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवा आणि झाकण लावा.) चोर असा उघड नसेल तेव्हा लोक एकेक फ्यूज उपसून बघतात. जरा नव्या गाडीत ते उलटतं, कारण फ्यूज काढून परत लावला की झोपलेलं युनिट जागं होतं आणि आकडे बदलतात. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच राहू द्या. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन उघडे ठिपके असतात. तिथे मीटर मिलिव्होल्टवर लावा. फ्यूजलाही इवलासा रोध असतो, त्यामुळे त्यातून प्रवाह जात असेल तर अंशभर व्होल्टेज उमटतं. ज्याच्यावर शून्य नाही तो रस्ता जागा आहे. मात्र आधी दाराच्या लॉकची जीभ स्क्रू-ड्रायव्हरने दाबून गाडीला ‘दार बंद आहे’ असं पटवावं लागतं आणि सगळी युनिटं झोपेपर्यंत अर्धा तास वाट बघावी लागते. सगळ्या फ्यूजवर शून्य आणि तरी बॅटरी उतरतेच, तर अल्टरनेटरमधला एखादा डायोड, म्हणजे प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, फुटलेला असू शकतो. त्याची जाड वायर बॅटरीकडे जाते, ती बहुतेक गाड्यांत या छोट्या फ्यूजांतून जातच नाही. माझा पहिला संशय तरीही नंतर बसवलेल्या म्युझिक सिस्टिमवर असतो. मूळ वायरिंग सोलून, पिळून, चिकटपट्टी गुंडाळलेला जोड डॅशबोर्डखाली दिसला की मी आधी तोच उलगडतो.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज टाकायचा मोह होतो. फ्यूज यंत्राला नव्हे, वायरीला वाचवतो. १० च्या लाल फ्यूजच्या जागी २० चा पिवळा टाकला तर पुढच्या वेळी वायर हाच फ्यूज होतो, आणि ती गालिच्याखालून गेलेली असते. त्याऐवजी फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि पावणेदोन अँपिअरपुढे प्रवाह जाऊच देत नाही. मग निवांतपणे वायरिंगचा जुडगा हलवत जायचं. ज्या जागी हलवल्यावर बल्ब विझतो किंवा लुकलुकतो, तिथेच वायर पत्र्याला घासून सोलली गेली आहे. फ्यूजचं आख्खं पाकीट संपवण्यापेक्षा हे स्वस्त. गाडीच्या कंट्रोल युनिटला स्कॅनर जोडून बिघाडाचा कोड वाचता येतो हे खरं, पण कोड कुठल्या मार्गावर गडबड आहे एवढंच सांगतो. त्यावरून सेन्सर बदलणं म्हणजे पुन्हा बल्ब बदलणंच.

सगळ्यात छळणारा बिघाड म्हणजे मेकॅनिकसमोर कधीच न दिसणारा. काच कधी उतरते, कधी नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीजवळ एक रबरी नळी असते, तिच्यातून काच, लॉक आणि स्पीकरच्या वायरी दारात जातात. वर्षानुवर्षं दार उघडमीट झालं की तांबं वाकून वाकून कडक होतं आणि आतल्या आत तुटतं. वरचं प्लॅस्टिक तसंच. दार एका कोनात असताना तुटकी टोकं भिडतात, दुसऱ्या कोनात सुटतात. म्हणून काचेचं बटण दाबून ठेवून दार सावकाश उघडायचं आणि मोटर कुठे थबकते ते ऐकायचं. मग नळी सरकवून एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढायची. चांगली वायर ताठ राहते. तुटलेली रबरासारखी लांबते. तिथे नवा तुकडा जोडताना तो इतका लांब घ्या, की दोन्ही सोल्डर नळीच्या बाहेर पडतील, कारण सोल्डर लागलेली वायर वाकत नाही, जोडाच्या कडेला मोडते.