मिनरल वॉटर आणि पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर: एकात जंतू मारतात, दुसऱ्यात मारायला बंदी असते

फलाटावर गाडी थांबली की खिडकीतून हाक जाते, ‘एक मिनरल द्या हो!’ हातात येणाऱ्या बाटलीवर मात्र स्वच्छ छापलेलं असतं, ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’. रेल नीर, किनले, ॲक्वाफिना किंवा बिसलेरीची नेहमीची बाटली, यातलं काहीच मिनरल वॉटर नाही. कोणी काय म्हणावं याला माझी हरकत नाही. वनस्पती तुपाला आपण वर्षानुवर्षं डालडाच म्हणत आलो. माझं डोकं फिरतं ते पुढच्या वाक्याला: ‘महाग असलं तरी खरं मिनरलच घ्यावं, प्रवासात पोट बिघडत नाही.’ पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काढल्यावर हे वाक्य ऐकवत नाही.

पॅकेज्ड पाणी तुम्हाला ठाऊकच आहे. बोअरचं, नळाचं, कुठलंही पाणी घ्या, गाळा, आरओमधून काढा, यूव्ही दाखवा, ओझोन सोडा, बाटलीत भरा. त्याचं भारतीय मानक आयएस १४५४३. मिनरलचं वेगळं, आयएस १३४२८. चवीतला फरक, क्षारांचा फरक, बाटलीचा आकार यावर लोक तासभर वाद घालू शकतात, मी घालणार नाही.

फरक एकच महत्त्वाचा आहे आणि तो बहुतेकांच्या डोक्यात नेमका उलटा बसलाय. पॅकेज्ड पाण्यातले जंतू कारखान्यात मारलेले असतात. नैसर्गिक मिनरल वॉटरमधले मारलेले नसतात, कारण तसं करायला परवानगीच नाही. १९८१च्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकापासून तत्त्व हेच आहे: पाणी जमिनीतून जसं येतं तसंच, उगमाच्या जवळ, बाटलीत जायला हवं. लोह, मँगनीज असं काही साका होऊन बसणारं असेल तर हवा खेळवून, निवळून, गाळून काढा. बाकी हात लावायचा नाही. म्हणजे मिनरलची सगळी भिस्त उगमावर. झरा चोख तर पाणी चोख. झऱ्यात काही शिरलं, तर मध्ये अडवणारं कोणी नाही.

आणि शिरतं. १९७४ साली पोर्तुगालमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली. तपास करणाऱ्यांना शिंपल्यांबरोबर आणखी एक वाट सापडली: चुनखडीच्या खडकातल्या झऱ्याचं बाटलीबंद मिनरल वॉटर. बाटल्या भरणाऱ्या कारखान्याला पाणी पुरवणाऱ्या झऱ्यांतच कॉलऱ्याचे जंतू मिळाले. चुनखडीत भेगा असतात, पाणी त्यातून गाळलं न जाता सरळ वाहतं. दोष निघाला तो बिनगॅसच्या पाण्यात. सोडा आम्लधर्मी असतो आणि कॉलऱ्याच्या जंतूला आम्ल सोसत नाही. (परक्या मुलखात बाटलीबद्दल शंका आली तर मी सोडाच मागतो. बायको हसते.)

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर दक्षिण फ्रान्समधलं, नेस्ले कंपनीचं पेरिए हे मिनरल वॉटर घ्या. जानेवारी २०२४ मध्ये नेस्लेने कबूल केलं की मिनरल वॉटरला मनाई असलेले यूव्ही आणि कार्बन फिल्टर आपण काही ब्रँडसाठी वापरले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जोरदार पावसानंतर पेरिएच्या एका विहिरीत विष्ठेतले जंतू आढळले आणि किमान २० लाख बाटल्या नष्ट कराव्या लागल्या. गंमत बघा, यूव्ही लावलं हा तिथे गुन्हा, आणि इथे यूव्ही नाही लावलं तर आपण पाणी तोंडाला लावत नाही.

मग मिनरल वाईट का? तसंही नाही. नियमाने दोन्हीत ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, २५० मिलीत एकही चालत नाही. तपासताना ते पाणी बारीक चौकटी छापलेल्या पांढऱ्या चकतीतून ओढायचं, छिद्रं ०.४५ मायक्रॉनची. चकती चिमट्याने उचलून आगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, ठेवायची आणि रात्रभर ३७ अंशांवर सोडायची. सकाळी झाकण उघडल्यावर एक जरी निळा-जांभळा ठिपका दिसला, तरी बॅच गेली.

पण पांढुरके, पिवळट ठिपके दिसले म्हणून कोणी दचकत नाही. ते पाण्यातले मूळ रहिवासी. युरोपीय नियम मिनरल वॉटरला २०-२२ अंशांवर मिलीमागे १०० आणि ३७ अंशांवर २० ठिपक्यांची मुभा देतो, आणि मोजणी बाटली भरल्यापासून १२ तासांच्या आत करायला लावतो. कारण बंद बाटलीत हेच रहिवासी आठवड्या-दोन आठवड्यांत मिलीमागे हजारोंवर जातात. धडधाकट माणसाचं ते काही बिघडवत नाहीत. सीलबंद म्हणजे निर्जंतुक, ही समजूत मात्र तिथेच संपते.

पॅकेज्ड पाण्याचीही एक गोम आहे. ओझोन काम करतो आणि काही तासांत विरून जातो. नळाच्या पाण्यात निदान थोडा क्लोरीन मागे राहून पहारा देतो, बाटलीत तसं कोणी नसतं. तोंड लावून प्यायलेली अर्धी बाटली दुपारभर तापलेल्या गाडीत राहिली असेल, तर संध्याकाळी ती कुठल्या मानकाची होती हे विचारू नका.

आता टीडीएस मीटर. मागे नागपूरच्या गाडीत समोरच्या बर्थवरच्या काकांनी पेनासारखं ते यंत्र बाटलीत बुडवलं आणि विजयी मुद्रेने म्हणाले, ‘बघा, अठ्ठावन्न! एकदम शुद्ध.’ ते यंत्र विरघळलेल्या क्षारांमुळे वीज किती वाहते तेवढंच बघतं. त्या लिटरभर पाण्यात चमचाभर गटाराचं पाणी घाला, आकडा दोन-चारने हलेल, ई. कोलाय हजारोंनी येतील. काकांना सांगितलं. त्यांनी मीटर पुसून खिशात ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

लग्नातले, हॉटेलातले बिनसिलाचे थंड पाण्याचे जार मिनरल आणि पॅकेज्ड या दोन्हींत मोडत नाहीत, त्यांना ‘मिनरलचा जार’ म्हणणं तर कमालच आहे. २००१पासून बाटलीवर आयएसआय शिक्का सक्तीचा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सक्ती गेली, आणि पाठोपाठ एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, बाटलीबंद पाण्याला जास्त जोखमीच्या अन्नात घातलं. शिक्का असलेली बाटली मी अजूनही आधी उचलतो. झाकण फिरवताना कडी ‘कट्’ करून तुटली नाही, तर परत देतो.

तान्हं बाळ बरोबर असेल तर मात्र शिक्का, झरा, ओझोन सगळं बाजूला. दुधाची पावडर कालवायला बाटलीतलं पाणीसुद्धा उकळूनच घ्यायचं आणि ७० अंशांच्या खाली जाण्याआधी पावडर घालायची. थर्मास घरूनच भरून न्या.