सरड्याला पाकिटातलं खाणं चालतं का?

कुत्र्याच्या खाद्याच्या पिशवीवर ‘पूर्ण आणि संतुलित’ असं छापलेलं असतं, तेव्हा त्यामागे एक तक्ता असतो. प्रथिनं किती, कॅल्शियम किती, ड जीवनसत्त्व किमान किती आणि कमाल किती, हे त्यात ठरलेलं असतं. मांजरांसाठीही असा तक्ता आहे. सरड्यांसाठी सर्वमान्य असा एकही नाही. त्यामुळे सरड्यांच्या खाद्याच्या डब्यावर तेच शब्द दिसले, तर ते उत्पादकाचं मत समजावं. मत चांगलंही असू शकतं, पण जनावर कुठलं आहे यावर सगळं ठरतं.

पाकिटाची तुलना ज्याच्याशी करायची, त्या सबंध भक्ष्याचं आधी बघू. हाडं, कातडी, यकृत, आतडी यांसकट आख्खा प्राणी म्हणजे सबंध भक्ष्य. १०० ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये फॉस्फरस साधारण २०० मिलिग्रॅम असतो आणि कॅल्शियम जेमतेम १० ते १५. सरड्याला हवं असतं नेमकं उलट, म्हणजे फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम. पूर्ण वाढलेल्या उंदरात हाडं असल्यामुळे कॅल्शियमचं पारडं फॉस्फरसपेक्षा थोडं जड राहतं, आणि अ जीवनसत्त्व यकृतातून मिळतं. टेगूसारख्या मोठ्या सरड्याला म्हणूनच उंदीर, लाव्याची पिल्लं आणि अधूनमधून मासा एवढ्यावर वरून फारशी कॅल्शियमची पावडर लागत नाही. नुसत्या खिम्यावर ठेवायची वेळ आलीच, तर १०० ग्रॅम खिम्याला सुमारे १ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लागतं. जीवनसत्त्वं तरीही कमीच पडतात.

किडेखाऊ सरड्यांची गोष्ट वेगळी. लेपर्ड गेको रातकिडा सबंधच गिळतो, पण रातकिड्याला हाडंच नाहीत. १०० ग्रॅम रातकिड्यांत (दुकानात यांनाच क्रिकेट म्हणतात) सुमारे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ३०० च्या आसपास फॉस्फरस असतो. मीलवर्म आणि वॅक्सवर्म या खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या अळ्या. मीलवर्ममध्ये कॅल्शियम २० च्याही खाली जातं. वॅक्सवर्म तर जवळजवळ पाव भाग चरबीच. अपवाद ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्यांचा. त्यांच्या कातडीतच कॅल्शियम साठतं आणि ते फॉस्फरसच्या दुपटीहून जास्त भरतं. मात्र अळी चावली गेली तरच ते उपयोगी पडतं. सबंध गिळलेली अळी बऱ्याचदा जशीच्या तशी बाहेर पडते.

कॅल्शियम कमी पडलं की रक्तातली पातळी टिकवण्यासाठी पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते उपसायला लागते. बोटं थरथरतात, जबडा मऊ पडतो, चालताना पोट जमिनीला घासतं. जबडा वाकलेला दिसेपर्यंत हाडातलं बरंच काही गेलेलं असतं. कॅल्शियम आतड्यातून शोषलं जायला ड३ जीवनसत्त्व लागतं. दिवसा ऊन खाणाऱ्या सरड्यांच्या कातडीत ते २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांनी तयार होतं. हे किरण काचेतून पार होत नाहीत, त्यामुळे बंद खिडकीतल्या उन्हाचा या कामी काहीच उपयोग नाही.

म्हणून किडेखाऊ सरड्याच्या बाबतीत किडा काय खाऊन आला, यालाच जास्त महत्त्व. किड्यांवर पावडर भुरभुरवणं हा सोपा उपाय, पण रातकिडा स्वतःला साफ करतो आणि थोड्याच वेळात बरीचशी पावडर झाडून टाकतो. पावडर लावलेले किडे पाच-दहा मिनिटांत खाल्ले गेले नाहीत, तर काढून घ्यावेत. जास्त खात्रीचा मार्ग म्हणजे किड्यांचं पोट भरून देणं. ८० ग्रॅम चिक स्टार्टर, म्हणजे कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य, मिक्सरमध्ये अगदी बारीक दळायचं आणि त्यात २० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट मिसळायचं. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम असतं, त्यामुळे मिश्रणात ते ८ टक्क्यांच्या थोडं वर जातं. त्याहून कमी असेल तर किड्याच्या पोटातून सरड्यापर्यंत पुरेसं पोचत नाही. रातकिड्यांना सरड्यासमोर टाकण्याआधी २४ ते ४८ तास याच्यावर ठेवायचं. एरवी हे खाद्य देऊ नये, कारण इतक्या कॅल्शियमवर किडे मरायला लागतात.

इथे हमखास होणारी चूक गाजराची. पाणी म्हणून गाजराचे तुकडे टाकले, की किडे तेच खातात आणि मिश्रणाला तोंड लावत नाहीत. त्या दोन दिवसांत पाण्यासाठी ओला कापूस ठेवावा. गारव्यातही किडे खात नाहीत, डबा २६ अंशांच्या वर हवा. पुण्या-नाशकात डिसेंबरमध्ये हे आपोआप होत नाही.

आता पाकिटाकडे. ते कोण स्वीकारेल हे बऱ्याच अंशी सरड्याच्या ज्ञानेंद्रियांवर ठरतं. बियर्डेड ड्रॅगन, शॅमेलियन वगैरे मंडळी डोळ्यांनी शिकार ओळखतात आणि हालचाल झाली की जीभ मारतात. वाटीतली निश्चल गोळी त्यांच्या लेखी नुसती वस्तू. बियर्डेड ड्रॅगन पाला खातो, त्यामुळे पाल्यात कालवलेल्या भिजवलेल्या गोळ्या तो शिकून घेतो. शॅमेलियनला गोळ्या शिकवण्याच्या नादी लागू नये. टेगू आणि घोरपडीच्या कुळातले सरडे दुभंगलेल्या जिभेने वास टाळूपर्यंत नेतात. त्यांना मांसाचा निर्जीव गोळाही चालतो, आणि तयार मांसखाद्यं त्यांच्यातच खपतात. लेपर्ड गेको मधला. त्याला चिमट्याने हलवून दाखवलेला जेलचा (तयार खाद्याच्या घट्ट लगद्याचा) तुकडा काही वेळा पटतो. (आपल्याकडची घोरपड मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती पाळता येत नाही. इग्वाना किंवा टेगू असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची सरकारकडे नोंदणी लागते.)

पाकीट सरळ जिंकतं ते क्रेस्टेड गेकोच्या बाबतीत. न्यू कॅलेडोनियातली ही पाल नामशेष झाली असंच मानलं जात होतं, ती १९९४ मध्ये पुन्हा सापडली. पिकलेली फळं, मकरंद आणि किडे हा तिचा आहार. घरी नुसत्या किड्यांवर ती नीट राहत नाही आणि केळ्याच्या लगद्यावर तर अजिबात नाही, कारण केळ्यात कॅल्शियम नगण्य. तिच्यासाठी बनवलेल्या पावडरीत हे सगळं मोजून घातलेलं असतं. एक भाग पावडर, दोन भाग पाणी, पाच मिनिटं मुरू द्यायचं. थंड हवेत ते २४ तास टिकतं, मुंबईच्या पावसाळ्यात संध्याकाळी ठेवलेली वाटी सकाळी उचलावी. या पालीला २८ अंशांच्या वरचं तापमान सोसत नाही, तेव्हा विदर्भात ती पाळायची म्हणजे आधी एसीचा हिशेब.

इग्वाना पूर्ण शाकाहारी. त्याच्यासमोर मांजराचं खाद्य ठेवण्याची जुनी पद्धत अजून दिसते. ती जीवघेणी आहे. त्यातली प्रथिनं आणि ड जीवनसत्त्व मिळून मूत्रपिंडं खराब होतात, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं.

सबंध भक्ष्याचेही तोटे आहेतच. जिवंत उंदीर सरड्याला चावतो, जखम सडते, म्हणून गोठवलेलाच द्यावा. रात्रभर फ्रिजमध्ये वितळवायचा, मग बंद पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवायचा. मायक्रोवेव्हमध्ये तो कुठे थंड तर कुठे शिजलेला निघतो, कधी फुटतोही. पुन्हा गोठवू नये. पिंकी, म्हणजे नुकतीच जन्मलेली पिल्लं, मोठ्या उंदराची जागा घेत नाहीत, त्यांची हाडं अजून नीट भरलेली नसतात. कार्प कुळातल्या अनेक माशांत थायमिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं. मासा ८० अंशांवर पाच मिनिटं गरम केला की हे विकर निकामी होतं. बागेतले किडे फवारणीमुळे नकोतच. काजवे तर मुळीच नकोत. अमेरिकेतल्या काही काजव्यांतलं विष इतकं जहाल आहे, की एका काजव्याने बियर्डेड ड्रॅगन दगावल्याची नोंद आहे.

खाणं बदलायचं असेल तर उपाशी ठेवून बदलू नये. पहिला आठवडा नेहमीच्या किड्याला जेल किंवा भिजवलेली पावडर फासून द्यायची, मग प्रमाण वाढवायचं. दर आठवड्याला त्याच दिवशी, खाण्याआधी, ग्रॅममध्ये मोजणाऱ्या किचन काट्यावर वजन करायचं. दहा टक्के घटलं तर मागे फिरायचं. कोरड्या गोळ्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, रातकिड्यात सुमारे ७०. गोळ्यांवर गेलेला सरडा वाटीतलं पाणी वाढवून पितोच असं नाही. विष्ठेतला पांढरा भाग मऊ असायला हवा. तो पिवळा आणि खडूसारखा टणक झाला, तर गोळ्या त्याच दिवशी थांबवून पुन्हा ओलं खाणं सुरू करावं आणि दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठावा.