खाद्यात गायीचा डीएनए म्हणजे हाडाचा चुरा?

‘पशुखाद्याच्या तपासणीत गायीचा डीएनए निघाला, म्हणजे मांस-हाडं मिसळलीच’, असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. शंका रास्त आहे, निष्कर्ष मात्र घाईचा.

पीसीआर चाचणी (डीएनए शोधणारी तपासणी) प्राणी कोणता ते सांगते, अवयव कोणता ते नाही. दुधातही गायीच्या पेशी असतात. त्यामुळे खाद्यात दूध पावडर असली तरी तोच निकाल येतो. खाद्य तापवल्याने डीएनएचे तुकडे होतात, पण छोटे तुकडे टिकतात आणि चाचणी तेच शोधते.

हाड आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. जनावराच्या हाडातली पेशींची छिद्रं लंबगोल, माशाच्या हाडातली बारीक रेघांसारखी. कोकणात हा फरक फार महत्त्वाचा, कारण कोंबडीखाद्यातलं फिशमील (सुक्या माशांची भुकटी) त्याच मापट्याने गायीच्या पोत्यात सहज जातं.

नमुना गोठ्यातल्या उघड्या पोत्यातला नको. त्यात गायीची लाळ, केस असतात. पाच-सहा सीलबंद पोत्यांतून कोरड्या, स्वच्छ चमच्याने थोडं थोडं घ्या, एकत्र करून अर्धा किलो हवाबंद पिशवीत भरा. पावसाळ्यात दमट नमुन्याला बुरशी येते, डीएनए कुजतो; तो लगेच प्रयोगशाळेत पोचवा. डीएनए आणि सूक्ष्मदर्शक, दोन्ही तपासण्या मागा.