डुकरिणीचा चीक आणि साखरेच्या गोळ्या

खानापूर तालुक्यातील एका वराहपालकाने मला होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली दाखवली. या गोळ्या पाण्यातून दिल्यास पिल्लांना हगवण लागत नाही व लसही टोचावी लागत नाही, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. हा दावा तपासायचा, तर नवजात पिल्लाला संरक्षण मिळते कोठून, हे आधी पाहावे लागेल.

माणसाच्या बाळाला आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना अडवणारी प्रथिने, वारेतून गर्भातच मिळतात. डुकराच्या वारेत मात्र आई व पिल्लू यांच्या रक्तांमध्ये पेशींचे सहा थर शाबूत राहतात, त्यांतून एवढे मोठे प्रथिन पार होत नाही, आणि म्हणून पिल्लाची सारी भिस्त चिकावर, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या दाट दुधावर असते. (गाईच्या चिकाचा आपण खरवस करतो, आपले कन्नड शेजारी त्याला गिण्णु म्हणतात.) जन्मानंतर साधारण 24 ते 36 तास पिल्लाचे आतडे ही प्रतिपिंडे न पचवता सबंध रक्तात घेते, मग ते दार बंद होते. पुढे दुधातून येणारी आयजीए प्रकारची प्रतिपिंडे आतड्यातच राहून काम करतात. हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जिवाणूच्या अंगावर प्रथिनांचे केसासारखे तंतू असतात. त्यांनी तो आतड्याच्या पेशींना चिकटतो आणि तेथे विष सोडतो. प्रतिपिंडे नेमकी त्या तंतूंनाच वेढतात व न चिकटलेला जिवाणू वाहून जातो. म्हणूनच या हगवणीची लस पिल्लाला नव्हे, तर 114 दिवसांच्या गाभणकाळाच्या अखेरच्या आठवड्यांत डुकरिणीला टोचतात.

आता ती गोळी. होमिओपॅथीत मूळ द्रव्य पुन्हा पुन्हा पातळ करतात. शंभरात एक असे 30 वेळा विरलीकरण म्हणजे एकावर 60 शून्ये इतके पट पातळ. शाळेत शिकलेली अ‍ॅव्होगाड्रोची संख्या, म्हणजे एका मोल द्रव्यातील रेणूंची संख्या, 24 अंकी आहे, हे आठवले तर बाटलीत मूळ द्रव्याचा रेणूही उरत नाही हे कळते. पिल्ले बरी झाली हा पुरावा पुरेसा नाही, कारण काही वेतांतील हगवण आपोआपच थांबते. निम्म्या वेतांना औषध न देता, आणि मोजणाऱ्याला ते न सांगता, तुलना करावी लागते. घरगुती उपायांचेही तसेच: लसूण किंवा हळद प्रयोगशाळेच्या बशीतले जिवाणू रोखते, परंतु आतड्यात तेवढी मात्रा पोचते का, हा निराळा प्रश्न आहे.

रूढ पद्धतही निर्दोष नाही. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यावर युरोपीय संघाने 2006 पासून बंदी घातली, ती औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या धास्तीने. हॉग कॉलरा हा डुकरांचा ताप तर विषाणूजन्य रोग. तेथे प्रतिजैविकाचा उपयोग नाही, लसच हवी. मात्र लस टोचलेल्या आईच्या चिकातील प्रतिपिंडे पिल्लाला दिलेल्या लसीलाही निष्प्रभ करतात, त्यामुळे ती साधारण दोन महिन्यांनी देतात.

बिनखर्चाचा एक उपाय आहे: आधी जन्मलेली, पोटभर प्यायलेली पिल्ले तासभर उबदार बुट्टीत ठेवावीत, म्हणजे मागून आलेल्या दुबळ्यांना दार बंद होण्यापूर्वी आचळ मिळते.