नाशिकच्या औद्योगिक वसाहती: सातपूर ते सिन्नर

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तर कारखान्याचं नाव घ्यावं लागतं. मायको सर्कल, एबीबी सर्कल, महिंद्रा सर्कल, गरवारे पॉइंट, एक्सलो पॉइंट. रामकुंड आणि काळाराम आपल्या जागी आहेतच, पण त्र्यंबक रस्त्याला लागलं की या गावाच्या खुणा बदलतात. हे सगळं गेल्या साठेक वर्षांतलं. जिल्ह्यात नव्या एमआयडीसीसाठी, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीसाठी, जागा पाहणं आजही चालू आहे, म्हणून हे कसं घडलं ते मुळापासून सांगावंसं वाटतं.

स्वातंत्र्यापूर्वी इथला मोठा उद्योग म्हणजे नाशिकरोडचा छापखाना. भारताची टपाल तिकिटं तोवर इंग्लंडमधून छापून येत. १९२५ मध्ये इथे सिक्युरिटी प्रेस उभी राहिली, १९२८ मध्ये नोटांची प्रेस आली. त्यातून सरकारी नोकऱ्या मिळाल्या, पिढ्यान्‌पिढ्या घरं उभी राहिली. पण नोटा छापणाऱ्याला शेजारच्या लेथवाल्याची गरज पडत नाही. प्रेसभोवती छोटे कारखाने वाढले नाहीत.

खरी हालचाल झाली ती महाराष्ट्र राज्य झाल्यावर. मुंबई-ठाण्यात उद्योगांची दाटी झाली होती आणि ते राज्यभर पसरावेत, असं धोरण ठरलं. १९६१ चा औद्योगिक विकास कायदा आला, १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, स्थापन झालं आणि १९६४ मध्ये मुंबई-ठाण्याबाहेर जाणाऱ्यांसाठी सवलतींची सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू झाली. एमआयडीसीचं सूत्र साधं होतं: जमीन संपादित करायची, रस्ते, पाणी, वीज न्यायची आणि प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे. पाण्याच्या बाबतीत नाशिक नशीबवान ठरलं. त्याच दशकात गोदावरीवरचं गंगापूर धरण पूर्ण झालं आणि सातपूर त्याच वाटेवर होतं.

याच सुमारास चीनचं युद्ध झालं. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. मिग विमानांच्या कामाची तीन ठिकाणी वाटणी झाली: इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा नाशिकजवळच्या ओझरला. द्राक्षांच्या पट्ट्यात विमानं जुळू लागली.

सातपूरला मात्र मोठ्या कंपन्यांची वाट पाहत कोणी बसलं नाही. बाबूभाई राठी यांच्यासारख्या स्थानिक मंडळींनी साठच्या दशकातच सहकारी तत्त्वावर नाशिक औद्योगिक सहकारी वसाहत उभी केली. तिला सगळे ‘नाइस’ म्हणतात. ज्याला एमआयडीसीचा मोठा प्लॉट झेपणार नाही, अशा माणसाला इथे छोटी शेड मिळू लागली. या गोष्टीचं मोल मला फार मोठं वाटतं. पुढे १९७० च्या आसपास मायको, म्हणजे आजची बॉश कंपनी, आली, तेव्हा तिच्या हाताशी ही माणसं तयार होती.

मायकोचं काम डिझेल इंजिनात इंधन फवारणाऱ्या नोझलचं. बोटाएवढा तुकडा, त्यात डोळ्याला जेमतेम दिसणारी छिद्रं, आणि मापातली चूक मोजायची मायक्रॉनमध्ये. असं काम करणाऱ्या कारखान्यात दहा वर्षं काढलेला टर्नर किंवा टूलरूमचा माणूस बाहेर पडला की गाळा भाड्याने घेई, एक जुना लेथ टाकी आणि जॉबवर्क सुरू करी. आजही सातपूरच्या गल्लीत शिरलं की तेच दिसतं: अर्धं उघडं शटर, कूलंटचा वास, क्रेटमध्ये रचलेले तेलकट जॉब आणि गेज लावून एकेक तपासणारा पोरगा. त्र्यंबक रस्त्यावरच्या आयटीआयने या गल्ल्यांना माणसं पुरवली. ऐंशीच्या दशकात महिंद्राची गाड्यांची फॅक्टरी आली, तेव्हा सुटे भाग बनवायला अख्खी फळी उभी होती. २००२ ची स्कॉर्पिओ नाशिकमधून निघाली त्यामागे या गाळ्यांचेही हात आहेत.

सातपूर भरत आलं तसं अंबड आखलं गेलं. सिडकोने सहा योजनांमधून नवं नाशिक वसवलं आणि कामगाराला शिफ्टला सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर घर मिळालं. ज्यांच्या जमिनी या सगळ्यात गेल्या, त्या गावांतल्या लोकांच्या हाती मात्र एकरकमी मोबदला आला आणि तो टिकला नाही. भूमिपुत्रांना नोकरी द्या, ही मागणी तेव्हापासूनची आहे आणि ती रास्त आहे.

पुढच्या प्रयोगांना तेवढं यश आलं नाही. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूरला वाइन पार्क झालं. तिथे निदान द्राक्षं शेजारी होती. अंबडला आयटीसाठी इमारत बांधली गेली आणि ती वर्षानुवर्षं रिकामी राहिली. इंजिनिअरिंग शिकलेली आमची मुलं त्याच काळात पुण्याच्या बसमध्ये बसत होती. इमारत होती, पण तिला काम देणारी कंपनी आधी आलीच नाही.

सिन्नरचं दुखणं याहून मोठं. सेझ कायद्यानंतर गुळवंच-मुसळगाव परिसरात हजार हेक्टरच्या आसपास जमीन विशेष आर्थिक क्षेत्रासाठी घेतली गेली. १३५० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प तिथे बांधला गेला, पण त्याच्या विजेला गिऱ्हाईक न मिळाल्याने तो वर्षानुवर्षं बंद राहिला. बाकीचे कारखाने आलेच नाहीत. शेतकरी जमीन परत मागत राहिले. दुष्काळी तालुक्यातला माणूस जमीन देतो तेव्हा पोराच्या नोकरीचा हिशोब मनात धरूनच देतो.

त्याच मुसळगावात सिन्नर तालुका औद्योगिक वसाहतही आहे, नाइससारखीच सहकारी. तिथे शेड आहेत, प्रेस मशीनचा ठोका ऐकू येतो, शिफ्ट सुटली की रस्त्यावर दुचाकींची रांग लागते. आता समृद्धी महामार्ग सिन्नर तालुक्यातून गेला आहे आणि आजूबाजूच्या जमिनीला पुन्हा भाव आला आहे. गुळवंचकडचा माळ मात्र अजून कारखान्यांची वाट पाहतो आहे.